हिराला विचारावं की नाही

नंदा, परवा कोर्टाच्या बार रूममध्ये तुझी शोकसभा झाली. ऑक्टोबरचा उकाडा, आणि वक्त्यांचं ऐकू यावं म्हणून पंखे बंद केलेले. सगळे घामाघूम होऊन तुझे गुण ऐकत होते. तू असतीस तर पहिल्यांदा उठून पंखा लावला असतास. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, 'नंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण' एवढं म्हटलं आणि पुढे काही सुचेना. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. लोकांना वाटलं, मला भरून आलंय. भरून आलंच होतं, पण अडलं होतं वेगळ्या कारणानं. तुझ्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि ते तिथे सांगायची सोय नव्हती.

म्हणून आज हे लिहायला घेतलं.

ब्याण्णव साली आपल्या देशानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. तेव्हा पेपरात बातमी आली असेलही, पण त्या डिसेंबरात पेपर उघडायचीच भीती वाटायची. तू मात्र पुढच्या उन्हाळ्यात कुठूनशी त्याची इंग्रजी प्रत मिळवलीस आणि भर दुपारी माझ्याकडे कॉलेज रोडला येऊन धडकलीस.

"तू इंग्रजी शिकवतेस, मी कायदा करते. दोघी मिळून हे मराठीत आणू," म्हणालीस. "पेठ-सुरगाण्याच्या शाळांतून वाटू. ज्यांच्यासाठी केलंय त्यांना कळायला नको?"

तो सगळा मे महिना आपण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढला. मी कुकर लावायची आणि तू एका शब्दावर अडून बसायचीस. तिसऱ्या कलमात मुलाच्या भल्याविषयी आहे. मी लिहिलं, 'बालकाचे सर्वोत्तम हित'. तू ते खोडलंस.

"हित हा शब्द बघ ना. 'तुझ्या हिताचं सांगतेय' असं कोण म्हणतं? ज्याला तुझं ऐकायचं नसतं तो."

"मग दुसरा शब्द दे."

"दुसरा नाहीच आहे. त्याचीच तर गंमत वाटतेय," असं म्हणून तू पुन्हा 'हित' लिहिलंस आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलीस.

बाराव्या कलमापाशी माझी मुक्ता येऊन उभी राहिली. तिसरीत होती तेव्हा, हातात कैरीची फोड. तू तिला विचारलंस, "मुलांशी संबंधित गोष्टीत मोठ्यांनी मुलांचं ऐकून घेतलं पाहिजे, असं इथं लिहिलंय. कळलं का?" मुक्तानं कैरी चोखत विचार केला आणि म्हणाली, "ऐकून घेतलं म्हणजे कबूल केलं का?" तू म्हणालीस, "नाही." "मग ऐकायचं कशाला?" असं विचारून ती खेळायला निघूनही गेली. तू हसलीस, पण त्या दिवशी पुढचं कलम काही झालं नाही.

आणि ते बत्तिसावं. मुलांना कामाला जुंपू नये, हे. आपल्या सरकारनं करार मान्य केला खरा, पण या कलमापुरतं सांगून ठेवलं होतं की हे आम्ही टप्प्याटप्प्यानं करू. तुला त्याचा राग नाही आला. कुतूहल वाटलं. "टप्पे कोण मोजणार, गं?" एवढंच विचारलंस. राग यायला हवा तिथं तुला कुतूहल वाटायचं, याचा मला त्या वेळी वैताग यायचा. आता वाटतं, त्यामुळेच तू थकली नाहीस. माझा राग दोन महिन्यांत संपला. पुस्तिका छापून झाली, शाळांत वाटून झाली, आणि मी परत माझ्या वर्गावर गेले.

मग दोन हजार साल उलटलं आणि द्राक्षांचे दिवस आले. दिंडोरीकडच्या बागांतून माल युरोपात जायला लागला. तिकडच्या मोठ्या दुकानांना नुसती गोड द्राक्षं नको होती. मण्याचा आकार ठरलेला, औषधाचा अंश किती चालेल ते ठरलेलं, आणि बागेत मूल कामाला नाही याचीही खात्री हवी. ती करून घ्यायला तिकडून माणसं यायची. आमच्या ओळखीतले नाना, त्यांच्या बागेवर अशी एक बाई येणार होती, हेलन नावाची. नानांनी मला दुभाषी म्हणून बोलावलं. तू म्हणालीस, "मी पण येते. आपलं कलम बागेत कसं दिसतं ते बघू तरी." नानांना मी सांगितलं की मैत्रीण आहे, वकील आहे, बाग बघायची आहे तिला. ते म्हणाले, "आणा की. द्राक्षं काय, पोटभर खा म्हणावं."

नाना वाईट माणूस नव्हते, हे तू नेहमी सांगायचीस आणि मीही इथं सांगते.

काढणी चालू होती. बाया कात्रीनं घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या. हेलन पन्नाशीची, उन्हानं लाल झालेली, डोक्यावर मोठी टोपी. प्रत्येकाला 'नमस्ते' म्हणत होती. तिनं विचारलं, "मुलं कामाला येतात का?" नाना म्हणाले, "नाही." मी ते इंग्रजीत सांगितलं. खरंच एकही मूल दिसत नव्हतं. हेलन पॅकहाउस बघायला आत गेली आणि तू माझं मनगट धरलंस.

बांधावरच्या आंब्याला लुगड्याची झोळी बांधलेली होती. वाऱ्यानं हलत होती, आत कुणी नव्हतं.

"मुलं कुठंयत?" तू म्हणालीस.

जवळच्या ओळीत एक बाई घड कापत होती. यमुना तिचं नाव, पेठकडच्या एका पाड्यावरची. दर साल दिवाळी झाली की त्यांची चार-पाच घरं बागांवर यायची आणि पावसाच्या आधी भात-नागलीसाठी परत जायची. तू तिला विचारलंस, "पोरं कुठं ठेवली गं?"

"गावाला," ती मान वर न करता म्हणाली.

"आणि झोळी?"

यमुना कापत राहिली. मग तिनं नुसती हनुवटी खालच्या ओहोळाकडे वळवली.

आपण उतरून गेलो. करंजाच्या सावलीत दहा-बारा पोरं गप्प बसलेली. इतकी लहान मुलं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. त्यातली थोरली हिरा, यमुनेची मुलगी, अकराएक वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ.

"गेली का ती?" तिनं आपल्याला विचारलं.

"कोण?"

"गोरी बाई. ती गेल्याबिगर वर यायचं नाय म्हणले."

तू तुझ्या कडक इस्त्रीच्या साडीत तिथंच मातीत बसलीस. "ती कशाला आलीये, माहितीये?"

"द्राक्षं न्यायला."

"हो. आणि मुलांना तर कामाला लावलेलं नाही ना, ते बघायला."

हिरानं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आमी दिसलो तर काय करंल?"

"नानांची द्राक्षं घेणार नाही कदाचित."

"मंग आईचं काम?"

"ते मला माहीत नाही," तू म्हणालीस. शिक्षक म्हणून माझी हयात गेली, पण एखाद्या मुलाला इतकं सरळ 'माहीत नाही' मी कधी सांगितलं नव्हतं.

मग आपण दोघी तिथंच भांडलो. इंग्रजीत, मुलांना कळू नये म्हणून. मी म्हटलं, मी दुभाषी आहे, मला दिसलं ते मी हेलनला सांगणार, पुढचं मोठी माणसं बघतील. तू म्हणालीस, "तू सांगशील, ती लिहून घेईल, नाना चिडतील, मुकादम यमुनेला बोलेल. यात हिरा कुठं आहे?" मी म्हटलं, "ती अकरा वर्षांची आहे, नंदा. तिच्या आईची रोजी तिच्या डोक्यावर ठेवू नकोस." तू माझ्याकडे पाठ केलीस आणि मराठीत तिलाच विचारलंस.

"हिरा, तुम्ही इथं आहात हे आम्ही त्या बाईला सांगावं का? तुला काय वाटतं?"

तिनं बाकीच्या पोरांकडे बघितलं. "नका सांगू." जरा थांबून म्हणाली, "पण हितं बसवू नका. काल साप निघला व्हता." आणि मग आणखी थांबून, "मला बघता यील का ती?"

"तू तिला बघशील तर तीही तुला बघेल."

"बघू दे."

नंदा, आपलं सगळं भांडण या चार वाक्यांतलं. तिनं 'नका सांगू' म्हटलं होतं, ते मी धरून ठेवलं. तिनं 'बघू दे' म्हटलं होतं, ते तू धरलंस. तू उठलीस, साडी झटकलीस आणि हिराला बरोबर घेऊन बांध चढून वर आलीस.

पॅकहाउसच्या ओट्यावर नाना पाणी पीत होते. त्यांचा तांब्या हातातच राहिला. हेलननं टोपी काढली आणि ओट्याच्या पायरीवर बसली, हिराच्या उंचीला येईल अशी. मी दोघींच्या मधे उभी राहिले.

"तू इथं काम करतेस?"

"लहान्याला सांभाळते. आईला घडाला गुंडाळायचा कागद देते. पडलेले मणी गोळा करते."

"आणि शाळा?"

"दिवाळीपर्यंत जाते."

"मग पुढे?"

"मंग हितं."

हिरा हेलनच्या निळ्या डोळ्यांकडे, नाकावरच्या ठिपक्यांकडे टक लावून बघत होती. मग मला म्हणाली, "तिला इचारा, तिच्याकडं बाया कामाला गेल्या का पोरं कुठं ठिवतात?"

मी विचारलं. हेलननं बराच वेळ घेऊन सांगितलं. तिची मुलं लहान असताना तिची आई सांभाळायची. आई वारली तेव्हा तिला काही वर्षं नोकरी सोडावी लागली. मी ते मराठीत सांगितलं. हिरानं थेट तिलाच विचारलं, "तुझी आई मेली?" हेलनला मराठी कळलं नाही, पण प्रश्न कळला. तिनं मान हलवली.

तेवढ्यात नाना मला म्हणाले, "मॅडम, बाईंना एवढं सांगा. पोरं कामाला लावायची मला हौस नाही. आई येती, तिच्या मागं पोर येतं. त्याला मी कुठं टाकू?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी शब्दन् शब्द सांगितला. हेलन म्हणाली, ती हे सगळं लिहील, नानांचंही लिहील.

तिनं लिहिलं. तो माल युरोपला गेला नाही. नानांनी तो मिळेल त्या व्यापाऱ्याला दिला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. यमुनेला त्या हंगामात त्यांनी कामावरून काढलं नाही, हेही खरं. पण पुढच्या दिवाळीनंतर मुकादमानं पाड्यावर जाऊन सांगितलं की पोरंवाल्यांना बागेत काम नाही. तू पेठला गेलीस तेव्हा यमुनेच्या घराला कडी लावलेली. वापीकडे बांधकामावर गेली म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलं. तिथं कोण हेलन जाणार होती बघायला?

तिथून तू सरळ माझ्याकडे आलीस. चप्पल न काढता दारातल्या खुर्चीवर बसलीस. मी म्हटलं, "तिनं 'नका सांगू' म्हटलं होतं."

"हो. आणि 'हितं बसवू नका' पण म्हटलं होतं," तू म्हणालीस. "ते कुणी ऐकलं? हेलननं नाही, नानांनी नाही. तू तरी?"

त्यानंतर तू जे केलंस ते शोकसभेत कुणी सांगितलं नाही, कारण ते कोर्टात घडलं नव्हतं. तू नानांच्या घरी जायला लागलीस. ते भेटायचे नाहीत. त्यांच्या पत्नी मंदाताई ओसरीवर चहा द्यायच्या आणि तू चहा पिऊन परत यायचीस. भांडायला नाही, विचारायला जायचीस. बाग छाटणीला किती बाया लागतात, झोळीतली मुलं किती असतात, औषध मारतात तेव्हा वारा कुठल्या बाजूनं असतो. मंदाताईंनाच मग ते प्रश्न पडायला लागले. एक दिवस त्या स्वतःच नानांना म्हणाल्या, "औषधाची खोली दुसरीकडं न्या. ती पोरांना देऊ." खोली धुतली, रंगवली, ओहोळाच्या बाजूला कुंपण घातलं. तालुक्याहून एक तरुण बाई शिकवायला यायला तयार झाली. नंतर शेजारच्या काही बागांनीही तसं केलं, बऱ्याच जणांनी नाही केलं. यमुना परत आली. हिरा त्या खोलीत दोन हिवाळे बसली आणि तिसऱ्या हिवाळ्यात तिच्या हातात कात्री आली. तू मला फोनवर हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज सपाट होता. मग म्हणालीस, "टप्पा कितवा म्हणायचा हा?"

भांडण मात्र चालूच राहिलं. पेठच्या एसटीत, फोनवर, मुक्ताच्या लग्नाच्या पंगतीत. मी म्हणायची, तू मुलीला वर नेलंस ते बरोबर नव्हतं, मुलाचं ऐकायचं म्हणजे मुलाला पुढे करायचं नव्हे. तू म्हणायचीस, तिला करंजाखाली ठेवून आपण वर जाऊन तिच्याबद्दल बोललो असतो, तर ते बरोबर झालं असतं का? मी म्हणायची, हो. तू म्हणायचीस, "बघ, तुलाही हितच हवंय." मग मी चिडायची.

शेवटची भेट देवळाली कॅम्पला, तुझ्या घरी. रेंजवर तोफांचा सराव चालू होता आणि तुझ्या खिडकीची तावदानं थरथरत होती. तुझं पांघरुणात काही उरलंच नव्हतं. तुझे दिलीपराव औषध आणायला आत गेले होते. तू एकदम म्हणालीस, "तू हिराला कधी विचारलंस का?"

"काय?"

"तिला त्या दिवशी वर नेलं, ते बरोबर केलं का."

"मी कशाला विचारू? तू विचारलंस ना?"

तू खिडकीकडे बघत राहिलीस. "नाही," म्हणालीस. "इतक्यांदा भेटले तिला. नाही विचारलं."

मी थक्क झाले. वर्तमानपत्र टाकणाऱ्याला, इंजेक्शन देणाऱ्या नर्सला, माझ्या सासूबाईंना, कुणालाही काहीही विचारणारी तू. मला विचारायचं होतं, का गं? भीती वाटली का? पण दिलीपराव आले, तू गोळ्या घेतल्यास, डोळे मिटलेस. मी साडेपाचच्या बसनं घरी आले. पुढच्या आठवड्यात येईन म्हटलं होतं.

काल मी पेठला गेले, नंदा. शोकसभेत जे सांगता आलं नाही ते निदान एका माणसाला तरी सांगावं म्हणून. हिरा घरी होती, अंगणात नागलीची कणसं वाळत घालत होती. तिला या पावसाळ्यात अठरा पूर्ण झाली. आपल्या त्या कराराच्या पहिल्या कलमाप्रमाणे ती आता मूल नाही, त्यातलं काहीही आता तिच्यासाठी नाही.

"वकीलबाई गेल्या," मी सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं आणि तिथंच बसली. यमुना आतून आली, तिनं पदर तोंडाला लावला. मग हिरानं विचारलं, तुला फार दुखत होतं का, कोण कोण जवळ होतं, शेवटी काय खाल्लंस. दिलीपरावांकडून ऐकलेलं मी सगळं सांगितलं.

चहा झाल्यावर मी हिराला विचारलं. त्या दिवशी ओहोळावरून तिला वर नेलं, त्याचं पुढे काय वाटलं तिला, म्हणून.

"आईनं लय मारलं त्या दिवशी," हिरा म्हणाली. यमुना जमिनीकडे बघून हसली. "वापीला तर लय हाल झाले. भाऊ आजारी पडला. वकीलबाईंचा राग यायचा मला. खोलीवर यायच्या तवा मी तोंड फिरवून बसायची."

"त्यांना कळलं होतं?"

"कळलं असंल की. त्या यायच्याच. माझ्याशेजारी बसून धाकट्याला गोष्टी इचारायच्या. मंग एकदा मीच बोलले."

म्हणजे तुला ठाऊक होतं, नंदा. म्हणून तू विचारलं नाहीस का? की विचारलंस तर ती तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगेल, याची भीती होती? हे मला तुझ्याकडूनच ऐकायचं होतं.

"मग त्यांनी तुला नेलं ते चुकलंच म्हणायचं," मी म्हटलं. इतकी वर्षं मी हेच म्हणत आले होते. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

हिरानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं.

"त्यांनी कुठं नेलं?" ती म्हणाली. "त्या माझ्या मागून येत व्हत्या. मी गेले."

मग ती उठली आणि कणसं उलथी करायला लागली.